मालधक्क्याच्या म्हसोबाला मलिदा

छत्रपती संभाजीनगरला जाऊन आले म्हटलं की लोक आधी वेरूळचं विचारतात, मग बीबी का मकबऱ्याचं, आणि विचारणारी बाई असेल तर पैठणीचं. मी यातलं काहीही पाहिलेलं नाही. एवढ्या लांब सांगलीहून जाऊन मी पाहिला एक मालधक्का, तोही अर्धाच. पण जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मालधक्का म्हणजे रेल्वेचा माल उतरवायची जागा. समुद्रकाठी बोटीला धक्का असतो, तसा मालगाडीला हा. आमचे आजोबा या धक्क्यावर हमाल होते, आणि धक्क्याला लागूनच त्यांची वस्ती होती. पोती उचलणारे, बैलगाड्या हाकणारे, काट्यावर वजन करणारे, फाटकी पोती शिवणाऱ्या बाया, सगळे तिथं राहायचे. आमच्यासारखी धनगराची घरं होती, मुसलमानांची होती, निजामाच्या काळात तेलंगणातून आलेल्या तेलुगू लोकांचीही होती. पुढे माल दुसरीकडे उतरायला लागला, हमालांचं काम गेलं आणि वस्ती हळूहळू उठली. कोणी सिल्लोडला गेलं, कोणी हैदराबादला. आजोबांनी सांगलीचं हळदीचं गोदाम गाठलं. माझा जन्म सांगलीचा, त्यामुळे हा धक्का मला माहीत आहे तो फक्त गिरजाआत्याच्या तोंडून.

गिरजाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. सत्तरी केव्हाच ओलांडली, पण धीट अशी की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा तिला वाट देतात. मी तिची भाची, आणि माझी ख्याती नेमकी उलटी आहे. पाल दिसली की मी पलंगावर चढते, लिफ्टमध्ये एकटी जात नाही, आणि एसटी घाटात शिरली की डोळे मिटून घेते. आत्या मला भागूबाई म्हणते. तिच्यासोबत जायला घरात दुसरं कोणीच मोकळं नव्हतं, म्हणून मी गेले. निघताना आत्याच्या सुनेनं मला बाजूला घेऊन बजावलं, "वन्सं, सासूबाईंना नेताय तशा परत आणा."

जायचं कारण म्हसोबा. धक्क्याच्या टोकाला, जिथं धक्क्याचे रूळ संपतात तिथं शेंदूर फासलेला एक दगड होता. वस्तीचा रिवाज असा की धक्का कायमचा सोडून जाणाऱ्या घरानं म्हसोबाला मलिदा ठेवायचा, सांगायचं आणि मगच निघायचं. हिंदू असो की मुसलमान, सगळे ठेवत. आजोबा निघाले ते घाईत. सांगलीचा मुकादम ट्रक घेऊन दारात उभा होता, आणि मलिद्याचं कोणालाच सुचलं नाही.

"न सांगता गेलं की रूळ त्या घरचं एक मानूस परत वढून घेतेत," आत्या सांगायची. इतकी वर्षं ती हे हसत सांगत आली होती. मग तिचा नातू संदीप मिरजेला रेल्वेत ट्रॅकमन म्हणून, रुळांच्या देखभालीला लागला. घरात आनंदी आनंद झाला. पेढे वाटले. आत्यानं पेढा हातात घेतला, बराच वेळ नुसता धरला आणि देवापुढं ठेवून दिला. त्याच सुमारास शब्बीरभाईंचा फोन आला. ते त्या वस्तीतलेच, आता स्टेशनबाहेर चहाचं दुकान चालवतात. स्टेशनचं काम निघालंय, धक्क्याकडची उरलीसुरली जागा साफ होणार, म्हसोबाही राहील असं वाटत नाही, असं ते म्हणाले. आत्यानं त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

बजाजनगर

उतरलो माझी मामेबहीण संगीता हिच्याकडे. तिचा नवरा वाळूजच्या एका कारखान्यात आहे, घर बजाजनगरात. पहाटेच कंपन्यांच्या बसेस सुरू होतात आणि माणसं डबे घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उभी असतात. आत्या गॅलरीत उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. "ह्यांच्यातलं कोन्नी वरडत नाय गं," ती म्हणाली. "आमच्याकडं कामावर निघाले की आख्खी वस्ती उठायची. समदे गप कामून चालले?" संगीता म्हणाली, झोप झालेली नसते हो आत्या, दुसरं काय.

मलिदा आत्यानं स्वतः केला. आमच्याकडे सांगलीला मलिदा गव्हाच्या पोळीचा करतात. हिनं बाजरीच्या भाकरी थापल्या, गरम असतानाच कुस्करल्या, त्यात गूळ आणि तूप घालून तळहातानं मळलं. संगीतानं मिक्सर पुढे केला तर आत्यानं तो हातानं परत सारला. स्वयंपाकघर बाजरीच्या आणि गुळाच्या वासानं भरून गेलं. मी चाखायला बोट पुढे केलं तर बोटावर चापट बसली. नैवेद्य आधी उष्टा करायचा नाही, एवढंही पोरीला कळत नाही, वगैरे. स्टीलचा डबा तिनं नव्या फडक्यात बांधला आणि वर गाठ मारली.

मी मात्र भलत्याच चिंतेत होते. रुळांच्या कडेला जायचं, परवानगी नाही, बरोबर म्हातारं माणूस. संगीताच्या नवऱ्याला मी हळूच विचारलं, तिथं पोलीस असतात का? तो म्हणाला, "असतात ना." त्यानं मला धीर देण्याऐवजी बूट घातले आणि तो कामाला गेला.

स्टेशनकडे

रिक्षावाला तरुण होता. आत्या त्याला म्हणाली, "मालधक्क्यावर घे रं बाबा."

"कोनता धक्का, आज्जी?"

"मालधक्का. जिथं गाड्या खाली व्हतेत."

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मावशी, स्टेशनला जायचं का?" मी हो म्हटलं. तिला वाटलं असणार, निदान रिक्षावाल्याला तरी माहीत असेल. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

शब्बीरभाईंनी आम्हाला लांबूनच ओळखलं. साठीच्या पुढचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. "आओ गिरजाआपा!" म्हणत दुकानातून बाहेर आले आणि आत्यापुढं उभे राहिले. मग आत्यानं त्यांच्या दाढीकडं बघून विचारलं, "हे काय रं शब्ब्या, कोंबडा झालास की." तेव्हा कुठं दोघं हसले. हा शब्ब्या लहानपणी धक्क्यावर सांडलेले दाणे वेचायचा आणि आत्याच्या पाठीमागं पाठीमागं फिरायचा, हे मी शंभरदा ऐकलेलं होतं.

त्यांनी आमच्यासाठी नान-खलिया आणून ठेवला होता. पातेल्याचं झाकण काढताच मटणाचा असा वास सुटला की मला भीतीबिती सगळं विसरायला झालं. पण आत्या म्हणाली, आधी म्हसोबा, मग तोंडात पाणी. मीही मग नाइलाजानं नुसता चहा घेतला. शब्बीरभाई कोण कुठं गेलं ते सांगत बसले. पोती शिवणारी नरसम्मा हैदराबादेत लेकीकडं गेली. काट्यावरचा बाबूराव फुलंब्रीला शेती करत होता, तो गेला. शब्बीरभाईंचे स्वतःचे दोन्ही भाऊ वारले. आत्या प्रत्येक नावाला "आन् ती?" "आन् त्यो?" करत होती. शेवटी विचारायला नावंच उरली नाहीत आणि ती उठली.

रुळांपाशी

दुकानामागून एक बोळ जातो. त्याच्या टोकाला रेल्वेची भिंत आहे आणि भिंतीला पडलेलं खिंडार. आम्ही तिथून आत गेलो. मी उभं राहून आधी चहूबाजूंना पाहिलं, पोलीस दिसतो का. दिसला नाही. पण त्यानं बरं वाटण्याऐवजी आणखीच भीती वाटली, कारण काही झालं तर हाक मारायलाही कोणी नव्हतं.

वस्तीच्या जागी गाजरगवत होतं आणि रुळांखाली घालायच्या काँक्रीटच्या स्लीपरांची उतरंड रचलेली होती. आत्या चालता चालता थांबायची आणि जमिनीकडं बोट करायची. "हे आमचं घर." तिथं काहीच नव्हतं. "हिथं नरसम्माची चूल." तिथंही काही नव्हतं. एका ठिकाणी फरशीचा एक तुकडा सापडला, तो कोणाच्या घरचा यावर शब्बीरभाई आणि तिचं जुंपलं. मला गंमत वाटली आणि वाईटही वाटलं.

म्हसोबा पलीकडे, धक्क्याच्या बाजूला होता. मध्ये रूळ, आणि रुळांवर एक लांबलचक मालगाडी उभी. दोन्हीकडची टोकं दिसत नव्हती. एक टोक स्टेशनच्या शेडमागं, दुसरं वळणाआड.

"पलीकडं जायला वो पूल है आपा," शब्बीरभाई म्हणाले. "फलाटावरून जिना चढायचा, उधर उतरायचं, मग थोडं मागं चालायचं."

"जिना माझ्यानं व्हत नाय. गुडघे दुखतेत."

"मग गाडी जाईपर्यंत थांबू," मी म्हटलं.

"ही गाडी कव्हा जायची! पोरी, आम्ही काय जिन्यावरनं जात व्हतो का? बापाला भाकर घेऊन मी रोज डब्याखालून जायची. समदी वस्ती तशीच जायची." आणि तिनं मला ते शिकवलं, अगदी कौतुकानं, जशी एखादी आपली जुनी पाककृती सांगते. आधी रुळावर तळहात ठेवायचा. इंजिन लागलेलं असलं की रूळ थरथरतो, गार रूळ म्हणजे गाडी मेलेली. गाडी हलायच्या आधी खडाखडा आवाज एका डब्यातून दुसऱ्यात पळत येतो, तेवढ्यात माणूस बाहेर निघतं. वस्तीत चालायला लागलेल्या पोराला हे आधी शिकवायचे, मग बाराखडी. "एक मानूस मेलं नाय आमचं रुळावर," ती म्हणाली. "इच्चार ह्याला."

शब्बीरभाईंनी मान डोलावली, पण म्हणाले, "वो जमाना अलग था आपा. आता नक्को."

मी तर तिचा दंडच धरला. म्हटलं, "आत्या, जिना चढताना गुडघे दुखतात आणि डब्याखालून वाकताना दुखत नाहीत का? काही नाही, आपण पुलावरून जायचं. मी तुला पाठीवर घेऊन जाईन." ती हसली. "तू मला घेनार? तुलाच कोन घ्यायचं?" असं म्हणाली, आणि "बरं बाई, चल," म्हणून खिंडाराकडे वळलीसुद्धा. मला हायसं वाटलं. शब्बीरभाई पुढं झाले, त्यांच्यामागून मी. गाजरगवतात काटे होते, मी साडी सावरत खाली बघून चालत होते. मागं वळून "आत्या, सांभाळून," म्हणाले तेव्हा मागं आत्या नव्हती.

ती मालगाडीपाशी उकिडवी बसली होती. एक तळहात रुळावर. दुसऱ्या हातानं तिनं फडक्यात बांधलेला डबा आत सरकवला, मग डोकं वाकवलं आणि दोन चाकांच्या मधून आत शिरली. तिची हिरवी साडी दिसत होती, मग टाचा दिसल्या, मग काही दिसेना.

मी ओरडले का, मला आठवत नाही. शब्बीरभाई म्हणतात मी ओरडले. लांब कुठंतरी भोंगा वाजला होता, पण स्टेशनात भोंगे सारखेच वाजत असतात. मी दहा पावलं पळाले असेन आणि माझ्यासमोरचं चाक हललं.

काही आवाज नाही, इशारा नाही. एकदम सगळे डबे एकाच वेळी सरकले, आणि मग तो खडाखडा आवाज आला, गाडी हलल्यानंतर. शब्बीरभाईंनी मला मागून दोन्ही हातांनी धरलं नसतं तर मी कुठं गेले असते सांगता येत नाही. डबे एकामागून एक समोरून जात होते. मी खाली बसून चाकांच्या मधून बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये नुसता उजेड आणि अंधार, उजेड आणि अंधार. एकदा काहीतरी हिरवं दिसल्यासारखं झालं. ते गवत होतं की लुगडं, ते उभं होतं की पडलेलं, काही कळलं नाही. गाडीला वेग यायला लागला होता.

त्या वेळी मला देव आठवला नाही. मला आत्याची सून आठवली. नेताय तशा परत आणा. आणि मग ते दुसरं वाक्य, रूळ त्या घरचं एक माणूस परत ओढून घेतात. या असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण त्या मालगाडीपुढं बसून मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवला. संदीप नव्हे, हीच. हिलाच बोलावून घेतलं. शब्बीरभाई मोठ्यानं कलमा म्हणत होते.

गाडी संपता संपेना. संपू नये असंही वाटत होतं. शेवटचा डबा आला, गेला, आणि समोर एकदम लख्ख ऊन पडलं.

आत्या पलीकडच्या खडीत बसली होती. दोन्ही पाय पुढं पसरलेले, पदर मातीत, एक चप्पल नाही. हातपाय होते. डोकं होतं. मी एकेक अवयव बघून घेतला. ती माझ्याकडं बघत होती, पण तिला मी दिसत असेन असं वाटलं नाही.

मी रूळ ओलांडून गेले. आयुष्यात पहिल्यांदा, इकडं तिकडं न बघता. तिच्याजवळ बसले आणि तिला इतकं बोलले की तसं मी स्वतःच्या मुलांनाही कधी बोललेली नाही. अक्कल आहे का, वय काय, आम्ही काय करायचं होतं. तिचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार. मग मला रडू फुटलं.

डबा रुळांमध्ये पडला होता. चाक त्यावरून गेलं होतं आणि स्टीलचा पत्रा पोळीसारखा झाला होता. मलिदा खडीवर सगळीकडे सांडलेला. बाहेर पडताना हातातून रुळावर सुटला असणार. शब्बीरभाईंनी तो चेपलेला पत्रा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत होता तिथं ठेवला. आत्यापुढं उकिडवे बसून म्हणाले, "मलिदा ले लिए आपा, और तुमको छोड दिए. हिसाब हो गया. अब चलो."

मलाही ते पटलं, खरं सांगते. त्या क्षणी कोणी काहीही सांगितलं असतं तर पटलं असतं. मी म्हटलं, "बघ आत्या, ठेवला गेला नैवेद्य. संदीपची काळजी मिटली आता."

संदीपचं नाव काढलं आणि ती भानावर आली. तिनं रुळाकडं पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडं. "गार व्हता," ती म्हणाली. "सुमे, रूळ गार व्हता गं. म्या हात लावून बघितला. काय बी नव्हतं. आन् गाडी चालायली."

शब्बीरभाई हळूच म्हणाले, "आता विजेचं इंजिन हाय आपा. वो दूर खडा रहता, आवाज बी नाय करत. डबे बी नये आये, जोड घट्ट."

आत्यानं माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. "फोन लाव. संदीपला फोन लाव."

"लावू या, आधी इथून निघू—"

"आधी लाव! त्याला म्या शिकवलंय गं हे. कामावर जायच्या आदल्या दिशी, मिरजेला नेऊन, रुळावर हात ठिवून दावलंय. म्हनलं, माझ्या बापानं मला दिलं, मी तुला देते. त्यो रोज तसंच करत आसंल."

नंबर सापडला, लावला. रिंग वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली. परत लावला. आत्या माझ्या हातातल्या फोनकडं बघत होती, तिचे ओठ नुसते हलत होते. शब्बीरभाई उभे राहिले आणि पाठ फिरवून लांब बघायला लागले. तिसऱ्यांदा लावला तेव्हा बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला, मागं लोखंडावर घण पडत होते.

"आत्याबाई, ड्यूटीवर आहे, मागून करतो—"

आत्यानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

"ठिवू नको. ठिवू नको बाळा, ऐक. म्या तुला जे शिकवलं ना, ते समदं इसर. ऐकलंस का? समदं इसरून जा."